पाहुण्यांसमोर शहाणा लॅपटॉप

बिघडलेला लॅपटॉप समोर ठेवला की बाई तो लगेच उघडायच्या नाहीत. आधी उजवा हात पालथा करून त्याच्या पाठीवर ठेवायच्या, आपण पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. मग डोळे मिटून गप्प. आपण घाईघाईने सुरुवात करावी की बाई, हा मध्येच बंद पडतो, काल तर मीटिंगमध्येच गेला, तर त्या डोळे न उघडता म्हणायच्या, "बंद कधी पडतो ते नका सांगू. ते सगळेच सांगतात. चालतो कधी, ते सांगा."

तुमच्यापैकी कोणी आयटी जोरात आलं त्या वर्षांत पुण्यात खराडीच्या काचेच्या इमारतींमध्ये नोकरी केली असेल, तर तुमच्याही कंपनीत अशी एक खोली असणार. लिफ्टच्या मागची, बिनखिडकीची, दारावर 'सपोर्ट' अशी पाटी असलेली. बाकी सगळी इमारत काचेची, आणि ज्यांच्या जिवावर ती चालते त्यांना मात्र उजेडाचं वावडं असावं अशी सोय. त्या खोलीत आमच्या बाई बसायच्या. सुती साडी, पदराला पिन, आणि गळ्यातलं ओळखपत्र किल्ल्यांच्या जुडग्यासारखं कमरेला खोचलेलं. कंपनीत शिरस्ता असा की सगळ्यांनी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची, अगदी वरच्या साहेबांनासुद्धा. बाई रुजू झाल्या त्या दिवशी कॉलेजातून नुकत्याच आलेल्या एकाने त्यांनाही तशी हाक मारली. बाईंनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आपली आधीची ओळख आहे का?" तेव्हापासून त्या अख्ख्या कंपनीच्या बाई झाल्या. साहेबही बाईच म्हणायचे.

बाई पेठेत वाढलेल्या, राहायला विश्रांतवाडीला. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात मुली म्हणजे त्या आणि आणखी कोणीतरी. मग भोसरीकडच्या एका कारखान्यात टीव्हीच्या टेस्टिंगला लागल्या आणि तिथेच उमेदीची वर्षं काढली. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही टीव्ही खोक्यात भरला जायचा नाही. हे त्या इतक्यांदा सांगायच्या की आम्हाला पाठ झालं होतं, तरी आम्ही पुन्हा ऐकायचो, कारण सांगताना त्यांची मान जी ताठ व्हायची ती बघण्यासारखी असायची. पुढे बाजार खुला झाला, परदेशी टीव्ही आले. "आमचा टीव्ही तोच होता हो," बाई म्हणायच्या, "पण लोकांना तो एकदम जाड दिसायला लागला." कारखाना बंद पडला. बरोबरीच्या कितीतरी बायका घरी बसल्या. बाईंनी चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटरचा कोर्स लावला, मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बसून तो पुरा केला, आणि आमच्या कंपनीत मुलाखतीला आल्या. कॉम्प्युटरबद्दल तुम्हाला काय माहिती आहे, असं विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तर पुढे कंपनीभर गाजलं होतं. "टीव्हीच आहे तो. फक्त याच्यासमोर बसलेला माणूस काम करतोय असं वाटतं."

आपण मोठ्या माणसाचं कौतुक करताना 'इतकं असूनही किती नम्र' असं म्हणतो. बाईंबद्दल तसं म्हणायची सोय नव्हती. त्यांना स्वतःच्या कामाचा अभिमान होता आणि तो त्या घडी घालून कपाटात ठेवत नसत. मशीन दुरुस्त करून दिलं की विचारायच्या, "झालं ना?" झालं बाई, थँक्यू, असं म्हणून आपण निघालो की मागून आवाज यायचा, "थँक्यू वाण्यालाही म्हणता. काम चांगलं झालं असेल तर 'वा' म्हणावं." मग आपण दारातून मागे वळून वा म्हणायचं. आधी चेष्टेत म्हणायचो, नंतर मनापासून म्हणायला लागलो. मला तर नंतर नंतर असं वाटायला लागलं की इतक्या मोठ्या इमारतीत आपण काय काम करतो हे ठामपणे सांगू शकणारं माणूस ते एकच. आम्ही बाकीचे सगळे कुठल्या तरी मोठ्या गोष्टीचा कुठला तरी तुकडा करत होतो.

त्यांच्या खोलीत एक कडक बंदी होती. तक्रार मिटवताना कॉम्प्युटरवर कारण निवडावं लागायचं, आणि बाकीच्यांचं लाडकं कारण म्हणजे 'नो फॉल्ट फाउंड', बिघाडच नाही. मशीन आणलं, लावून बघितलं, चाललं, परत दिलं. बाईंना ते खपायचं नाही. "सापडला नाही म्हणा. नाही कशाला म्हणता?" असं त्या हाताखालच्यांना सुनवायच्या. मग ते मशीन स्वतःच्या टेबलावर ठेवून घ्यायच्या आणि त्याच्याशी अबोला धरल्यासारख्या दिवसदिवस बसायच्या. त्यांच्या वरिष्ठांना मिटलेल्या तक्रारींचे आकडे हवे असायचे, आणि बाईंच्या नावावर न मिटलेल्या तक्रारी साचायच्या. यावरून दरमहा वाद. बाई त्या वादालाही टेस्टिंगला बसल्यासारख्या शांतपणे बसायच्या.

माझी तक्रार त्यातलीच.

बाबांना पक्षाघात झाला होता. डावी बाजू पूर्ण गेली, वाचाही गेल्यासारखीच. चार-दोन शब्द राहिले होते, तेही मनात येईल तेव्हा न येणारे. आमचं घर कर्वेनगरला, ऑफिस खराडीला. म्हणजे पुणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओलांडायचं आणि संध्याकाळी परत ओलांडायचं. बाबांना अंघोळ घालायला सकाळी एक माणूस यायचा, पण दुपारी त्यांना कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, हे एकट्या आईच्या ताकदीबाहेरचं होतं. घरून काम करणं ही त्या काळात ऐकिवातली गोष्ट होती. मी हातापाया पडून आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची परवानगी मिळवली. हॉलमध्ये बाबांची कॉट, कॉटच्या उशाशी माझं टेबल, आणि भिंतीत एकच चांगलं सॉकेट, ते कॉटच्या पायथ्याशी.

आमचा क्लायंट इंग्लंडचा. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. मी कानाला हेडफोन लावून इंग्रजीत बोलायला लागले की बाबा डोळे मिटून ऐकत पडायचे. आयुष्यभर शाळेच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस, मुलगी साहेबांशी बोलते याचं त्यांना केवढं कौतुक. मी एखादं वाक्य जरा ठसक्यात बोलले की त्यांचा चांगला हात कॉटच्या दांडीवर हळूच वाजायचा. ती त्यांची दाद.

आणि नेमका त्या वेळी लॅपटॉप दगा द्यायला लागला. सकाळी व्यवस्थित. दुपारी बोलणं रंगात आलं की पिनेजवळचा छोटा दिवा विझायचा. चार्जिंग बंद. बॅटरी म्हातारी, ती थोडा वेळ तग धरायची आणि मान टाकायची. समोर अंधार. मी पिन हलवायची, बटण चालू-बंद करायची, काही उपयोग नाही. बऱ्याच वेळाने आपोआप दिवा लागायचा, जणू काही झालंच नव्हतं. बाबा डोळे उघडून माझ्याकडे बघत राहायचे. हात दांडीवर नुसता ठेवलेला असायचा. ते बघवत नसे.

आमचे मॅनेजर वाईट नव्हते, पण त्यांच्या वरही कोणीतरी होतं. दोन-चारदा असं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, महिनाअखेरपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर रोज ऑफिसला ये. क्लायंटला आपण काय सांगणार?" रोज ऑफिसला येणं म्हणजे बाबांना दिवसभर आईवर टाकणं. ते शक्य नव्हतं. म्हणजे नोकरी सोडणं. तेही शक्य नव्हतं, कारण घर माझ्याच पगारावर चालायचं. मी लॅपटॉप उचलला आणि लिफ्टमागच्या खोलीत गेले.

बाईंनी पालथा हात ठेवला. "चालतो कधी?"

"ऑफिसात नेहमी चालतो, बाई. घरी सकाळी चालतो."

त्यांनी मशीन उघडलं, भिंग लावलं, आणि पिन जिथे शिरते त्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा बघ. डाग सुटलाय." सोल्डरचा डाग खरोखरच जरा तडकलेला होता. बाईंनी तो जुना काढून नवा दिला, तोही असा चकचकीत की दागिन्यात शोभावा. मी वा म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी दिवा विझला.

मग ॲडॉप्टर बदलला. नवाकोरा दिला. तो दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दुपारी त्यानेही तेच केलं. मी परत गेले तेव्हा खोलीत त्यांचे वरिष्ठ उभे होते. म्हणाले, इथे तर उत्तम चालतंय, यांच्या घरच्या विजेचा प्रश्न असेल, टाका नो फॉल्ट फाउंड. बाई उठून उभ्या राहिल्या. "मी डाग सुटलाय म्हणून सांगितलं होतं. मी चुकले. फॉल्ट तो नव्हता," सगळ्यांसमोर, नाव पुकारल्यासारख्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "पण फॉल्ट आहे. ही पोरगी काय गंमत म्हणून कर्वेनगरहून मशीन वाहून आणते का?"

आपली चूक इतक्या ताठ मानेने कबूल करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं असेल तर तुम्ही नशीबवान.

सपोर्टने कोणाच्या घरी जायचं नाही असा नियम होता. बाई म्हणाल्या, "शनिवारी मी सपोर्ट नसते," आणि शनिवारी येते म्हणून सांगून टाकलं.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या आईला उघडी वस्तू बघवत नाही. आमच्याकडे मिक्सरला खोळ आहे, शिलाई मशीनला खोळ आहे, टीव्हीला झालर लावलेली खोळ आहे, रिमोटला प्लॅस्टिक आहे. सोफा आम्ही घेतला त्या रंगाचा मी फार कमी वेळा पाहिला आहे. आणि यातली मुख्य गोष्ट अशी की पाहुणे येणार म्हटलं की या सगळ्या खोळी निघतात. तुम्ही हसाल, पण तुमच्याही घरी हेच असणार. वस्तू जपायच्या त्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी, आणि घरच्या माणसांनी आयुष्यभर खोळींवर बसायचं.

तेव्हा शनिवारी बाई येणार म्हणून आईने सकाळपासून घर लखलखीत केलं. खोळी काढल्या, नवा टेबलक्लॉथ घातला, खोबरं-कोथिंबीर पेरलेले पोहे केले. बाईंनी मीटरने सॉकेट तपासलं, अर्थिंग तपासलं, स्विच उघडून बघितला. सगळं ठणठणीत. मग खुर्ची ओढून दिवसभर त्या दिव्याकडे बघत बसल्या. मी मुद्दाम काम करत राहिले. दिवा एकदाही विझला नाही. संध्याकाळ झाली तसा बाईंचा चेहरा उतरत गेला. पोह्यांचं कौतुक केलं, बाबांना नमस्कार केला आणि निघाल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "माझ्यासमोर शहाण्यासारखा वागला मेला." मी रिक्षेपर्यंत सोडायला गेले. महिना संपत आला होता, आणि मी मनातल्या मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवायला लागले होते.

मंगळवारी दुपारी, म्हणजे पुण्यात ज्या वेळी कोणी कोणाची बेल वाजवत नाही त्या वेळी, बेल वाजली. आई डोळे चोळत दार उघडायला गेली. दारात बाई. फोन नाही, निरोप नाही. पेठेत वाढलेली बाई वामकुक्षीच्या वेळी न सांगता दुसऱ्याच्या दारात उभी, म्हणजे काहीतरी गंभीर घडलं असणार असं आईला वाटलं. तरी सवय ती सवय. "या, या," म्हणत तिने आधी सोफ्याच्या खोळीला हात घातला.

"वहिनी, कशालाही हात लावू नका," बाई दारातूनच म्हणाल्या. "मी आज रजेवर आहे, आणि आलेच नाही असं समजा. मी चार दिवस विचार करतेय, हा चालतो कधी? ऑफिसात चालतो. माझ्यासमोर चालतो. म्हणजे परक्यांसमोर चालतो. तर मी पाहुणी म्हणून येऊनच चुकले."

आईला यातलं काही कळलं नाही. ती बिचारी खोळ अर्धी वर केलेल्या सोफ्याच्या कडेवर टेकली. बाई स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आल्या आणि बाबांच्या पायाशी बसल्या. माझा कॉल सुरू होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. बोलणं रंगात आलं आणि दिवा विझला.

बाईंनी वाकून सॉकेटपासून वायर धरली आणि वायरीबरोबर हात पुढे नेत नेत ॲडॉप्टरपर्यंत आल्या. ॲडॉप्टर दिसत नव्हता. त्याच्या जागी एक गुबगुबीत, निळ्या फुलांचं गाठोडं होतं, बंद आणि बटणं लावलेलं. बाईंनी त्याच्यावर पालथा हात ठेवला. बटणं काढून आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"याला ताप आहे," बाई म्हणाल्या.

जुन्या गोधडीच्या कापडाची, आत कापूस भरलेली खोळ होती ती. बाईंनी ती बाजूला केली, ॲडॉप्टर नुसत्या फरशीवर ठेवला आणि घडीच्या कागदाने वारा घालत बसल्या. माझी बॅटरी संपायच्या आत दिवा लागला. फार तापला की आपणहून बंद व्हायचं आणि गार झाला की परत सुरू व्हायचं, अशी त्याची सोयच केलेली असते, हे त्यांनी मला नंतर समजावलं. ऑफिसला नेताना मी तो खोळीतून काढून नुसताच पिशवीत टाकायची. नव्याला खोळ चढायला दोन दिवस लागले होते, आणि शनिवारी पाहुण्या आल्या म्हणून ती निघाली होती. आणि मी? ती खोळ माझ्या डोळ्यांसमोर रोज होती. पण आमच्या घरात खोळ दिसत नाही हो. जन्मापासून बघत आलेली वस्तू कोणाला दिसते?

कॉल संपला तेव्हा मी आईकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती. "त्यांच्या पायासाठी शिवली होती हो," ती बाईंना म्हणाली. "डाव्या पायाला काही कळत नाही यांच्या. हे गरम खोकं तिथेच पडलेलं असतं. पाय लागून भाजला तर यांना समजणारसुद्धा नाही. म्हणून जाड शिवली. पोरीची नोकरी माझ्यामुळेच जायची होती की."

इथे दुसरं कोणी असतं तर हसलं असतं, किंवा असू द्या, असू द्या म्हणून विषय बदलला असता. बाईंनी खोळ हातात घेतली, उलटी केली, आतली शिवण बघितली. अगदी कारखान्यातला टीव्ही खोक्यात जाण्याआधी बघावा तशी.

"वहिनी, कारण बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ही वस्तू उघडी ठेवायची नाही, हे तुमचंच बरोबर. आमच्या ऑफिसात हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं. शिवणही सरळ आहे. फक्त याला श्वास घ्यायला जागा ठेवली नाहीत. आमच्या टीव्हीच्या पाठीला भोकं असायची, आठवतात? तसं करायचं. आणि जमिनीवर नको. घरात मच्छरदाणीची जाळी आहे का?"

जाळी होती. आमच्या घरात काय नव्हतं? आईने शिलाई मशीनवरची खोळ काढली आणि शिवायला बसली. बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, इतकी सैल हवी, इतका नाडा हवा, आणि आई मध्येच त्यांना गप्प करत होती, "मला कळतं हो." दोन ताठ बायका एका मशीनपाशी. शेवटी जी पिशवी झाली ती लसूण टांगायच्या जाळीसारखी दिसत होती. फक्त तोंडाशी आईने त्याच निळ्या फुलांची पट्टी लावली होती, कारण तिच्याशिवाय तिला ती पिशवी उघडी वाटत होती. बाईंनी भिंतीतल्या खिळ्याला ॲडॉप्टर त्या पिशवीत घालून टांगला, बाबांच्या पायापासून दूर. मग संध्याकाळपर्यंत मधूनमधून उठून पालथा हात लावून बघत राहिल्या. दिवा विझला नाही.

"झालं ना?" बाईंनी विचारलं.

मी बोलायच्या आधी कॉटवरून आवाज आला. "वा."

बाबांच्या राहिलेल्या शब्दांमध्ये हा शब्द आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघ. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आधी म्हणाले." आणि बाबा हसले, अर्ध्या चेहऱ्याने, पण पोटापासून.

माझी परवानगी टिकली. पण मला जास्त आठवतं ते पुढच्याच आठवड्यातलं. बाईंनी आईकडून स्वतःसाठीही तशीच एक पिशवी शिवून घेतली होती. ती त्यांनी आपल्या टेबलाशेजारी, आल्यागेल्या प्रत्येकाला दिसेल अशी टांगली. निळी फुलं, मच्छरदाणीची जाळी, आणि आत कंपनीचा काळा ॲडॉप्टर. लोक विचारायचे, बाई, हे काय? त्या वर न बघता सांगायच्या, "कर्वेनगरच्या एक बाई आहेत, त्यांचं काम आहे." वरिष्ठांनाही हेच उत्तर. एकदा मी आईला मुद्दाम खराडीला घेऊन गेले. ती काचेच्या दारांना बिचकत, चपला काढाव्यात की नाही या विचारात बाईंच्या खोलीत शिरली आणि आपली पिशवी भिंतीवर बघून थबकली. परत येताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला तिने ती सगळी हकीकत सांगितली, आणि खोळीची शिवण सरळ होती हे दोनदा सांगितलं. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे कंपनीने दुरुस्ती बंद केली. बिघडलेलं मशीन खिडकीतून द्यायचं, दुसरं घ्यायचं. काय झालं होतं हे कोणी विचारायचं नाही. बाईंची निवृत्ती जवळच आली होती. निरोपाच्या दिवशी साहेबांनी बरंच चांगलं भाषण केलं. बाई उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या टेबलावरून न सापडलेला एकही फॉल्ट 'नाही' म्हणून गेला नाही. वा म्हणायचं असेल तर म्हणा." सगळा मजला वा म्हणाला. त्यात मीही होते, आणि ते मी आजही ऐटीत सांगते.

आता बाईही नाहीत. त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. निवृत्त होताना विश्रांतवाडीच्या घरी नेलेल्या त्या जाळीच्या पिशवीत काय टांगलेलं होतं, कोण जाणे. त्यांची आठवण निघाली की मला एकच दुपार दिसते.

बाबा एका कामाच्या दिवशी गेले. मी घरी होते. कॉल चालू होता, दिवा लागलेला होता, आणि दांडीवरचा हात वाजायचा थांबला म्हणून मी वळून बघितलं. हेडफोन काढून त्यांचा हात हातात घेतला तेव्हा तो अजून ऊबदार होता. खराडीत असते तर मला हे फोनवर कळलं असतं.

मग माणसांची रीघ लागली. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आईने सगळ्या खोळी काढून ठेवल्या होत्या, आणि ती सगळ्यांशी नीट बोलत होती. सगळे म्हणाले, वहिनी खंबीर आहेत. तिसऱ्या दुपारी घर जरा रिकामं झालं, तसं तिने एकेक खोळ परत घातली. तेवढ्यात बेल वाजली. झोपेच्या वेळी. दोन बस बदलून आलेल्या बाई दारात उभ्या होत्या. आई सवयीने उठली आणि सोफ्याची खोळ ओढायला लागली.

"राहू द्या वहिनी," बाई म्हणाल्या. "मी काय पाहुणी आहे?"

आईचे हात तिथेच थांबले. बाई आत आल्या, खोळीवरच तिच्या शेजारी बसल्या, आणि सांत्वनाचं काहीही न बोलता त्यांनी उजवा हात पालथा करून तिच्या कपाळावर ठेवला. डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला ताप आहे. तो कधीपासून आहे ते मला नको सांगू. शेवटची नीट कधी जेवली, ते सांग."

मला सांगता आलं नाही. बाईंनी पदर खोचला आणि आमच्या स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा शोधायला लागल्या.